डबा लावायचा, बाई ठेवायची की एसआयपी बंद करायची?

प्रश्न (डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात): आम्ही दोघंही मुंबईत नोकरी करतो, घरी पोचायला आठ वाजतात. घरात सासूबाई आणि १२ व ८ वर्षांची दोन मुलं. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ५८,०००. घराचा हप्ता, सोसायटी, शाळा, वीज, पास, औषधं, विमा आणि ३,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारा हप्ता) एवढं गेलं की १८,५०० उरतात. त्यातले १२,००० किराणा, दूध, भाजीला. तरी आठवड्यातून दोन-तीनदा बाहेरून मागवावं लागतं, कारण आठ वाजता कणीक मळायचं त्राणच नसतं. क्रेडिट कार्डावर २६,००० थकलेत, फ्रीजचे आणि जूनमधल्या शाळेच्या खर्चाचे. दर महिन्याला किमान रक्कम, म्हणजे १,३०० भरते. आता संध्याकाळचे तीन डबे लावू (एक ९० रुपयांना), पूर्ण स्वयंपाकाला बाई ठेवू (४,५०० सांगतात), की एसआयपी बंद करून ते पैसे खाण्याकडे वळवू? सासूबाई म्हणतात, वर्षाचे गहू एकदम भरा, तिथे पैसे वाचतील.

उत्तर:

नमस्कार ताई,

पत्रासोबत तुम्ही किराण्याची आणि बाहेरून मागवलेल्या जेवणाची बिलं पाठवलीत, त्यामुळे अंदाजावर बोलावं लागत नाही. आधी निर्णय सांगते. डबा लावू नका. पूर्ण स्वयंपाकाची बाई आत्ता परवडणार नाही. एसआयपी सहा महिने थांबवा, पण ते पैसे स्वयंपाकघरात आणू नका, कार्डावर भरा. आणि पोळ्यांपुरत्या मावशी लावा. तुमच्याच पत्रात एका ओळीत आहे, की शेजारच्या इमारतीत येणाऱ्या मावशी नुसत्या पोळ्यांचे महिन्याला १,६०० घेतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत आहे.

का, ते तुमच्याच एका बिलावरून दाखवते. एका मंगळवारचं बिल आहे. व्हेज कोल्हापुरी २००, दहा रोट्या १८०, पॅकिंग २०, कर २०, डिलिव्हरी २५, प्लॅटफॉर्म फी १२. एकूण ४५७. भाजी एकच, तीही पाच जणांत, म्हणजे सोबत घरचा भात-वरण झालंच असणार. मग त्या दिवशी घरात कमी काय पडलं? पोळ्या. दहा रोट्यांचे १८० रुपये. महिन्यात अशा दहा ऑर्डरी तुम्ही करता, म्हणजे नुसत्या रोट्यांचे १,८०० झाले. मावशी महिन्याचे २२ दिवस, रोज पंधरा पोळ्या १,६०० मध्ये करून देणार आहेत.

बाकीची बिलंही थोड्याफार फरकानं अशीच आहेत. तुमचं किराण्याचं बजेट चुकीचं नाही. पाच माणसांना दूध धरून १२,००० हे काटकसरीचंच आहे, त्यात मी फारशी कात्री लावणार नाही. पैसे गळतात ते आठ ते नऊ या एका तासात. त्या तासात घरात पोळ्या झालेल्या असल्या आणि भाजीची अर्धी तयारी असली, तर फोन हातात घेण्याची वेळच येत नाही.

आता तुमचे पर्याय. तीन डबे, प्रत्येकी ९०, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ५,९४०. डबा लावल्यावर सध्या घरी होणाऱ्या बारा जेवणांचं साहित्य वाचेल, साधारण १,१०० रुपयांचं. बाहेरून मागवणं पूर्ण थांबलं असं धरलं तरी निव्वळ खर्च ४,८०० च्या वर. आज बाहेरच्या खाण्यावर तुमचे ४,५०० जातात, म्हणजे डब्यानं खर्च उलट वाढेल. शिवाय तीन डब्यांत पाच माणसं जेवणार, वरून भात घरी लावायचा, आणि महिन्याभरात मुलं त्या चवीला कंटाळली की एखादी ऑर्डर पुन्हा सुरू होणार. स्वयंपाकाच्या बाईंचे ४,५०० अधिक वाढीव साहित्याचे हजारेक, म्हणजे साडेपाच हजार. बाईंच्या कामाचं मोल तेवढं नक्कीच आहे, पण तुमच्या आजच्या मिळकतीत ते बसत नाही.

मावशींचा हिशेब असा. पगार १,६००. आठ जेवणं जास्तीची घरी होतील, त्याचं साहित्य ८००. महिन्यातून दोनदा बाहेरून मागवायला ९००, आणि हे दोन दिवस मी मुद्दाम ठेवलेत. दमलेल्या माणसांच्या घरात ‘आजपासून बाहेरचं बंद’ हा नियम टिकत नाही. शक्य असेल तर खाली जाऊन पार्सल आणा, तेवढेच डिलिव्हरीचे आणि वरचे पैसे वाचतात. एकूण ३,३००, म्हणजे महिन्याला १,२०० शिल्लक. दिवाळीला मावशींना एका पगाराचा बोनस द्यायचा, तो आत्तापासून महिन्याला १३०-१४० रुपये बाजूला टाकून जमवा. पगारात घासाघीस करू नका आणि एक तारीख चुकवू नका. तुमची सगळी योजना त्यांच्या येण्यावर उभी आहे. पोळीभाजी केंद्रातून आणल्या तर आठ रुपयांनी पंधरा पोळ्यांचे रोज १२० होतात, महिन्याला २,६४०. घरी तेवढ्याच पोळ्यांना साडेचारशे ग्रॅम कणीक लागते, म्हणजे दळणासकट वीसएक रुपये. मावशींचा पगार मिळवला तरी महिना दोन हजार चाळीसच्या आसपास पडतो.

सासूबाई घरी असतात ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. गुडघ्यांमुळे त्यांना ओट्याशी उभं राहवत नाही असं तुम्ही लिहिलंय. तसं उभं राहायची गरजही नाही. साडेसहाला मावशींना दार उघडणं, बसल्या बसल्या मेथी निवडणं, लसूण सोलणं, कडधान्य भिजत टाकणं एवढं झालं तरी तुमची पाऊण तासाची दगदग वाचते. त्यांना विचारून ठरवा, गृहीत धरू नका. आणि तुमच्या मिस्टरांचं नाव पत्रात फक्त पगाराच्या ओळीत आलंय. तेही आठलाच घरी येत असतील, तर कुकर लावणं हे त्यांचं काम. मोठा बारा वर्षांचा आहे, कोशिंबीर आणि पानं घेणं त्याला सहज जमेल.

आता जेवणं. तुमच्या किराणा बिलातल्या भावांनीच हिशेब करते: तूरडाळ १३०, मूगडाळ १२०, ज्वारी ५५, गहू ४०, अंडं ७ रुपये. रविवारी एकच काम करा, कांदा-खोबऱ्याचं वाटण. चार-पाच कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून, लसूण-आल्यासह वाटून, हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये. चार दिवस छान राहतं. दोन चमचे वाटण फोडणीत परतलं की उसळ असो नाहीतर अंड्याचा रस्सा, वीस मिनिटांत होतो. हॉटेलच्या भाजीला जी चव असते आणि मुलं जिच्यासाठी हट्ट करतात, ती बरीचशी या भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचीच असते.

सोमवारी मटकीची उसळ. शनिवारी रात्री पाव किलो भिजवा, रविवारी सकाळी फडक्यात बांधा, सोमवारी मोड आलेले असतात. मटकी ३५, कांदा-टोमॅटो-वाटण २०, पोळ्या २०, भात १०. पंच्याऐंशी रुपयांत पाच जण पोटभर जेवतात, आणि उरलेली उसळ सकाळी डब्यात जाते. बुधवारी सात अंड्यांचा रस्सा, शंभर रुपयांच्या आसपास. गुरुवारी किंवा ज्या दिवशी अंडं नको त्या दिवशी पिठलं. दीडशे ग्रॅम बेसन, कांदा, मिरची, आणि मावशींना भाकरी येत असतील तर ज्वारीच्या भाकरी, सगळं मिळून साठ रुपये. मावशी न आलेल्या दिवसासाठी मूगडाळीची खिचडी आणि कढी राखून ठेवा. त्यांचे दोन-तीन खाडे होणारच. त्या दिवशी ऑर्डर करायची नाही, खिचडी करायची, हे आधीच ठरलेलं असावं. चकोल्या तुमच्याकडे होतात का माहीत नाही. तूरडाळीच्या उकळत्या आमटीत लाटलेल्या कच्च्या पोळीचे तुकडे सोडायचे, वरून तूप. साठ रुपयांत एका भांड्याचं जेवण होतं आणि लहान मुलं आवडीनं खातात.

भाजीबद्दल एवढंच सांगते की तुमच्या बिलांत एकाच रविवारी पालक, मेथी, कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि फ्लॉवर आहे, आणि तुम्हीच लिहिलंय की निम्मं फेकलं जातं. पालेभाजी एका वेळी एकच घ्या आणि दोन दिवसांत संपवा. मधल्या दिवसांची भाजी मिस्टरांनी स्टेशनवरून येताना आणावी. लाल भोपळा, दुधी, कोबी हे फ्रीजमध्ये टिकतात, ते रविवारी घेतलेले चालतात. पावसाळ्यात पालेभाज्या कडाडल्या की आठवड्यातून दोन दिवस कडधान्य करा.

जिथे कात्री लावू नये अशी मला कळकळीनं वाटणारी जागा म्हणजे डाळ, दूध आणि अंडी. तंगी आली की वरण पातळ होतं आणि दुधाचं एक पाकीट कमी होतं, हे मी अनेक घरांच्या हिशेबांत पाहिलंय. तुमची मुलं वाढीच्या वयात आहेत. कमी करायचंच असेल तर चिप्स, बिस्किटं आणि दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवरून मागवलेल्या किरकोळ वस्तू कमी करा. तुमच्या महिन्याच्या बिलात त्या मला ठळक दिसल्या.

आता कार्ड. तुमच्या स्टेटमेंटवर महिना ३.५ टक्के व्याज आहे. २६,००० वर ते ९१० रुपये होतं, आणि कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो १६४. म्हणजे तुम्ही भरता त्या १,३०० पैकी १,०७४ व्याज आणि करातच जातात, मूळ रकमेतून फक्त २२६ रुपये कमी होतात. या गतीनं वर्षानुवर्षं हे देणं फिटणार नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत मिळत नाही. महिन्याच्या शेवटी पैसे संपले म्हणून कार्डावर मागवलेल्या जेवणाला त्या दिवसापासूनच व्याज लागतं. म्हणून सहा महिने कार्ड कपाटात ठेवा, अ‍ॅपमधून त्याचा नंबरही काढून टाका.

एसआयपीवर दीर्घ मुदतीत १२ टक्के मिळतील अशी आशा धरली, तरी दुसऱ्या हातानं वर्षाला ४२ टक्क्यांचं कर्ज पोसण्यात तोटाच आहे. म्हणून ती थांबवा. बंद करू नका. बऱ्याच म्युच्युअल फंडांत काही महिने हप्ता थांबवायची सोय असते. अर्ज हप्त्याच्या तारखेच्या पुरेसा आधी करा, नाहीतर खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर बँक दंड लावते. आतापर्यंत जमलेले ४०,००० मोडून कार्ड एकदम फेडावं असंही कुणी सुचवेल. नुसत्या आकड्यांनी बघितलं तर ते बरोबर आहे, जवळजवळ चार हजारांचं व्याज वाचेल. पण घरात सासूबाईंचं वय, दोन मुलं, आणि अडीअडचणीला त्या ४०,००० खेरीज तुमच्याकडे काहीच नाही. उद्या दवाखाना निघाला तर पुन्हा कार्डच बाहेर येईल. तेवढं व्याज देऊन मी ती रक्कम हाताशी ठेवेन.

मग हिशेब बसतो असा. १८,५०० आणि थांबवलेल्या एसआयपीचे ३,०००, एकूण २१,५००. किराणा १२,०००, मावशी, जास्तीचं साहित्य आणि दोन ऑर्डरी ३,३००. उरले ६,२००. त्यातले ५,००० पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कार्डावर. १,२०० इतर खर्चाला, त्यातच मावशींच्या बोनसची पुंजी. आज त्याच खर्चाला तुमच्या हातात ७०० उरतात. दरमहा ५,००० भरलेत तर सहाव्या हप्त्यात कार्ड शून्यावर येतं.

सासूबाईंच्या गव्हाची गोष्ट. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. महिन्याला १५ किलो, म्हणजे वर्षाचे १८० किलो. हंगामात एकदम घेतले तर तुमच्या भागात किलोमागे चार रुपये वाचतात असं तुम्ही लिहिलंय. ६,४८० गुंतवून ७२० वाचतात, आणि गहू जसे संपत जातात तसे पैसे मोकळे होतात, म्हणजे सरासरी सहाच महिने अडकतात. वार्षिक हिशेबानं हा वीस-बावीस टक्क्यांचा फायदा झाला, मुदत ठेवीपेक्षा कितीतरी चांगला. पण कार्डाच्या व्याजाच्या जेमतेम निम्मा. कार्ड फिटेपर्यंत गहू महिन्याचे महिन्याला घ्या. फिटल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जरूर भरा, फक्त फ्लॅटमध्ये कोरडी जागा आणि घट्ट झाकणाच्या कोठ्या आधी बघून ठेवा. भिजलेलं किंवा कीड लागलेलं एक पोतं सगळी बचत खाऊन टाकतं.

सातव्या महिन्यापासून ५,००० मोकळे होतील. ३,००० ची एसआयपी पुन्हा चालू करा. उरलेल्या २,००० ची आवर्ती ठेव बँकेत उघडा आणि ती फक्त दवाखाना व जूनमधल्या शाळेच्या खर्चासाठी राखा, म्हणजे पुढच्या जूनला कार्ड लागणार नाही. मावशी चालूच ठेवा.