वाचकांचे प्रश्न : जुन्या पडद्यावरचे महाकाय प्राणी

प्रश्न : संगणकावर घडवलेले डायनोसॉर पाहत वाढलेल्या माझ्या नातवाला मी १९३३ सालचा ‘किंग काँग’ दाखवला. सुरुवातीला काँगच्या हालचालींना तो हसला, शेवटी मात्र गप्प झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने तोच चित्रपट पुन्हा लावायला सांगितला. अशा धक्के खात चालणाऱ्या प्राण्यात आजच्या मुलांना काय दिसत असावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : काँग धक्के का खातो हे आधी पाहू, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. पडद्यावर डोंगराएवढा भासणारा हा वानर प्रत्यक्षात सुमारे दीड फूट उंचीची बाहुली होता. मार्सेल डेल्गाडो यांनी उखळीच्या सांध्यांचा धातूचा सांगाडा करून त्यावर कापूस व रबर चढवले आणि वरून सशाची लव असलेले कातडे बसवले. विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी ही बाहुली केसभर हलवत, एक फ्रेम टिपत आणि पुन्हा केसभर हलवत. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी हे चोवीस वेळा करावे लागे. धावणाऱ्या माणसाचे चित्रीकरण करताना प्रत्येक फ्रेममध्ये त्याचे हातपाय थोडे पुसट उमटतात आणि त्या पुसटपणामुळेच आपल्या डोळ्यांना गती सलग वाटते. बाहुली मात्र फ्रेम टिपताना अगदी स्थिर असल्याने तिचे प्रत्येक चित्र रेखीव येते, आणि अशी रेखीव चित्रे एकापाठोपाठ एक दिसू लागली की हालचाल तुटक भासते. काँगच्या अंगावरची लव सतत थरथरताना दिसते, तीही प्रत्येक वेळी बाहुलीला लागलेल्या बोटांमुळे.

तंत्राच्या हिशेबात हे दोष आहेत. तरीही माझ्या मते या चित्रपटांची मोहिनी त्यांच्यापासून वेगळी काढता येत नाही. गणेशोत्सवातल्या हलत्या देखाव्यामागे मोटार आहे हे ठाऊक असूनही माणसे रांगेत उभी राहतात, तसेच काहीसे इथे घडते : वस्तू निर्जीव आहे हे आपल्याला कळत असते आणि त्याच क्षणी ती जिवंतही वाटत असते. शिवाय ती बाहुली खरोखरच एका टेबलावर उभी होती, तिच्यावर खरा प्रकाश पडत होता आणि तिची सावलीही खरी होती, हे डोळ्यांना कुठेतरी जाणवत राहते.

पण नातू गप्प झाला, त्याचे कारण मला अभिनयात दिसते. काँग महाकाय टायरॅनोसॉरसला ठार करतो आणि मग त्याचा लुळा पडलेला जबडा उघडमिट करून खात्री करून घेतो; एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर गोळ्या लागल्यावर तो जखमेला हात लावतो आणि बोटांकडे पाहतो. कथा पुढे सरकण्यासाठी या हालचालींची काहीच गरज नव्हती. बाहुली हलवणाऱ्याने तासन्‌तास त्या प्राण्याच्या जागी स्वतःला कल्पून त्या घातल्या, म्हणून आपला लोभ त्या प्राण्यावर जडतो.

हाच धागा ओब्रायन यांचे शिष्य रे हॅरीहाउसेन यांनी पुढे नेला. शाळकरी वयात ‘किंग काँग’ पाहून भारावलेल्या या मुलाने घरी डायनोसॉर बनवले आणि ते ओब्रायन यांना दाखवले, तेव्हा त्यांनी त्याला शरीररचना शिकण्याचा सल्ला दिला. पुढे ‘मायटी जो यंग’ (१९४९) या चित्रपटात दोघांनी एकत्र काम केले. १९५७ सालच्या ‘ट्वेंटी मिलियन माइल्स टू अर्थ’मध्ये हॅरीहाउसेन यांनी शुक्र ग्रहावरचा एक प्राणी रंगवला आहे. अंड्यातून बाहेर येताच तो उजेडामुळे डोळे चोळतो, आणि पुढे तो कितीही वाढला, रोममध्ये त्याने कितीही धुमाकूळ घातला, तरी त्याचे ते डोळे चोळणे आपण विसरू शकत नाही. ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मधला (१९६३) टॅलोस हा काशाचा पुतळा तर हॅरीहाउसेन यांनी मुद्दाम अवघडलेला ठेवला, त्यांना हालचाल कितीतरी सफाईदार करता येत होती, पण धातूचा देह अवघडूनच वळणार हे त्यांनी ओळखले होते. टॅलोसच्या टाचेतले झाकण उघडून आतला द्रव वाहू लागल्यावर तो दोन्ही हातांनी गळा धरतो, तेव्हा इतका वेळ ज्याची धास्ती वाटत होती त्याचीच कीव येते.

प्रश्न : खरी माणसे आणि छोटी बाहुली एकाच चौकटीत कशी येत? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हॅरीहाउसेन यांची युक्ती अशी होती. आधी नटांचे चित्रीकरण होई. समोर कुणीच नसताना नट हवेतच तलवार चालवत. ती फिल्म एकेक फ्रेम करून बाहुलीच्या मागच्या पडद्यावर मागून प्रक्षेपित केली जाई. कॅमेऱ्यापुढे एक काच असे आणि दृश्यातल्या जमिनीच्या ज्या रेषेवर प्राणी उभा दिसायला हवा, तिच्या खालचा भाग काचेवर काळ्या रंगाने झाकलेला असे. त्यामुळे टेबलही लपून जाई. प्राण्याची हालचाल पूर्ण झाली की फिल्म मागे गुंडाळून, या वेळी वरचा भाग झाकून, खालचा भाग तिच्यावर उमटवला जाई. परिणामी प्राणी दृश्याच्या पुढे न दिसता दृश्याच्या आत उभा दिसे. ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ (१९५८) या रंगीत चित्रपटापासून ही रीत ‘डायनामेशन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ‘जेसन’मधल्या सात सांगाड्यांच्या तलवारयुद्धासाठी हॅरीहाउसेन यांना सुमारे साडेचार महिने लागले, आणि सरासरी दिवसाकाठी जेमतेम तेरा फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक काम होत असे.

प्रश्न : ‘गॉडझिला’सुद्धा असाच बनवला होता का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. ‘गॉडझिला’ची विशेष दृश्ये घडवणारे एइजी त्सुबुराया हे ‘किंग काँग’चे चाहते होते, पण १९५४ सालच्या त्या जपानी चित्रपटासाठी इतका वेळ हाताशी नव्हता, म्हणून जड रबरी पोशाखातला माणूस छोट्या शहराच्या प्रतिकृतीत चालवला गेला. त्याचे आकर्षण वेगळे आहे. तिथे प्राण्याच्या चेहऱ्यापेक्षा कोसळणाऱ्या इमारतींना अधिक वजन आहे.

प्रश्न : आपल्याकडे या तंत्राचे प्रयोग झाले का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : महाकाय प्राण्यांसाठी नव्हे, पण तंत्राची ओळख फार लवकर झाली होती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपून दाखवली आणि त्या छोट्या फिल्मच्या जोरावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले, पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. उलट दिशेचा एक दुवा हॅरीहाउसेन यांच्याच ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’मध्ये (१९७३) सापडतो. तिथे सहा हातांची कालीची मूर्ती जिवंत होऊन प्रत्येक हातात एकेक तलवार घेऊन लढते. धर्माच्या दृष्टीने तो सगळा गोंधळच आहे, पण ते सहा हात एकमेकांत न अडकता कसे चालतात हे पाहण्यासारखे आहे.

प्रश्न : मुलांना पहिल्यांदा काय दाखवावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ‘जेसन’पासून सुरुवात करावी. ‘किंग काँग’मधला काही भाग फार लहान मुलांना उग्र वाटेल, आणि बेटावरच्या रहिवाशांचे त्यातले चित्रण आज खटकणारे आहे, त्याबद्दल मुलांशी बोलावे लागेल. पन्नाशीच्या दशकातल्या पुष्कळ चित्रपटांत प्राणी येईपर्यंत लष्करी अधिकारी आणि शास्त्रज्ञ खोलीत बसून रटाळ चर्चा करतात. तो भाग पुढे ढकलायला हरकत नाही.