वाळवण्याआधी धुवा : भिजलेल्या उपकरणांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत भिजलेल्या उपकरणांविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मुसळधार पावसात स्टेशनवरून घरी येताना मोबाइल खिशात चिंब भिजला. लगेच बंद करून दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. नंतर तो व्यवस्थित सुरू झाला. पण आठवड्याभराने चार्जिंग होणे बंद पडले. तांदूळ कमी पडले असतील का? (डोंबिवली)

तांदूळ कमी पडले नाहीत; त्यांचा उपयोगच झाला नाही. घरात साठवलेल्या तांदळात मुळातच बारा-चौदा टक्के ओलावा असतो आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत तो आणखी पाणी ओढून घेण्याच्या स्थितीत नसतो. शिवाय मोबाइलच्या आत, बोर्डावरच्या चिपांखाली अडकलेल्या पाण्यापर्यंत त्याचा प्रभाव पोहोचण्याचे काही कारण नाही. उलट तांदळाची भुकटी चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसते. ॲपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना भिजलेला फोन तांदळात ठेवू नये असे स्पष्ट सांगितले आहे. तांदळात ठेवलेले काही फोन सुरू होतात हे खरे. परंतु ते दोन दिवस नुसते टेबलावर ठेवले असते तरी सुरू झाले असते, आणि श्रेय मात्र तांदळाला मिळाले.

मग आठ दिवसांनी बिघाड का झाला? शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. ती वाहते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे, आणि खिशातल्या पाण्यात घामाचे मीठ, धूळ व कपड्यांतली साबणाची पावडर असे सगळे मिसळलेले असते. अशा पाण्याचा थेंब बोर्डावरच्या दोन जवळजवळच्या तारांवर बसला आणि त्या तारांत विद्युतदाब असला की धन बाजूचे तांबे विरघळून ऋण बाजूकडे सरकू लागते. शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेले विद्युत अपघटन ते हेच. आजच्या फोनची बॅटरी काढता येत नसल्याने फोन ‘बंद’ केला तरी काही तारांत दाब राहतोच. पाणी उडून गेल्यावर क्षार मागे राहतात, ते हवेतला दमटपणा पुन्हा ओढून घेतात आणि गंज सावकाश पुढे सरकत राहतो. तुमच्या फोनचे बहुधा हेच झाले असावे.

आता प्रथम, बॅटरीत जेवढी शक्ती उरली असेल तेवढ्यात फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्या. नंतर फोन दुरुस्तीवाल्याकडे नेऊन, बोर्ड उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन द्यावा असे सांगा. दुकानात याला ‘आयपीए’ म्हणतात. बऱ्याच फोनमध्ये चार्जिंगची खाच वेगळ्या लहान बोर्डावर असते आणि तेवढाच बोर्ड बदलून काम भागते, त्यामुळे ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान ऐकल्याबरोबर मान्य करू नका.

पुढच्या वेळी काय करावे हेही सांगतो. फोन बंद करावा, चार्जर मुळीच लावू नये, सिमचा ट्रे बाहेर काढावा, खाच खाली धरून तळहातावर हलके ठोकावे आणि फोन पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. नुसते शिंतोडे असतील तर एक दिवस पुरतो. फोन पाण्यात बुडालाच असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याच दिवशी तो उघडून बॅटरीची जोडणी काढणे महत्त्वाचे असते.

प्रश्न : लॅपटॉपवर अर्धा कप चहा सांडला. पुसून हेअर ड्रायरने वाळवला. काही बटणे चिकटतात, बाकी ठीक चालतो. आणखी काही करायला हवे का? (पुणे)

हवे, आणि लवकर हवे. साध्या पाण्यापेक्षा चहा अधिक घातक, कारण त्यात साखर आणि दूध असते. साखरेचा पाक वाळला तरी ओलावा धरून ठेवतो, आणि दुधाचा थर बोर्डाला घट्ट चिकटतो. हेअर ड्रायरने दोन गोष्टी झाल्या असतील : काही चहा आणखी आत ढकलला गेला असेल आणि उरलेला जागच्या जागी आटून घट्ट झाला असेल. ड्रायर वापरायचाच तर गार हवेवर आणि दुरून. लिथियमची बॅटरी जवळ असताना गरम हवा हे धाडसच म्हणायचे.

सांडताक्षणी करायची गोष्ट म्हणजे ॲडाप्टर काढणे, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवून लॅपटॉप बंद करणे आणि तो तंबूसारखा उघडा ठेवून पालथा घालणे. फाइल सेव्ह करण्यासाठी थांबण्याचा मोह आवरला पाहिजे.

आता मागचे झाकण उघडून पाहावे लागेल. स्क्रू लहान-मोठे असतात. कुठला कुठून निघाला ते कागदावर आकृती काढून त्यावरच ठेवत जावे. सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. जिथे तपकिरी डाग दिसेल तो भाग प्रथम डिस्टिल्ड वॉटरने धुवावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे हे पाणी बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळते. साखर पाण्यात विरघळते, अल्कोहोलमध्ये फारशी विरघळत नाही, म्हणून हा क्रम. त्यानंतर ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ टूथब्रशने लावावे. ते पाण्याला आपल्याबरोबर घेऊन लवकर उडून जाते. करोनाच्या काळात घरात साठलेले सॅनिटायझर येथे चालणार नाही, कारण त्यात पाणी असते आणि हात मऊ राहावेत म्हणून बहुधा ग्लिसरीनही घातलेले असते. नेलपॉलिश रिमूव्हरही नको. त्यातील ॲसिटोन प्लॅस्टिक विरघळवते. हे अल्कोहोल पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि हे काम स्वयंपाकघरात करू नये.

स्क्रीन मात्र कधीही धुऊ नये. तिच्या थरांत शिरलेले द्रव बाहेर येत नाही. चिकटणाऱ्या बटणांसाठी बहुधा कीबोर्डच बदलावा लागेल, आणि बहुतेक लॅपटॉपचा तो सुटा मिळतो.

पावसाळ्यात धुतलेला बोर्ड वाळतच नाही अशी तक्रार आणखी दोघांनी केली आहे. आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असताना उघड्यावर ठेवून तो खरोखरच वाळत नाही. एसीच्या खोलीत ठेवावा, किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात पाव किलो सिलिका जेलबरोबर (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांबरोबर) दोन दिवस ठेवावा. तांदळाकडून लोकांची जी अपेक्षा असते ती सिलिका जेल पूर्ण करते, आणि ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. मात्र हे शेवटचे काम. न धुता वाळवले तर आपण क्षार आणि साखर जागच्या जागी पक्की करतो.

प्रश्न : पुराचे पाणी घरात चार फूट होते. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, मायक्रोवेव्ह, मिक्सर, इन्व्हर्टर सगळे बुडाले. ऊन पडले की वाळवून सुरू करावे असे शेजारी सांगतात. (चिपळूण)

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, त्या वेळचा अनुभव तुमच्या गावाला आहे. पुराचे पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे. तो गाळ, गटाराची घाण आणि तेल यांचा लगदा असतो. शिवाय जुलैत कोकणात उन्हाची वाट पाहायची तर गणपती येतील.

उपकरणांआधी घराची वीज. मीटर किंवा मुख्य स्विच भिजला असेल तर त्याला हात लावू नये. पाण्यात उभे राहून तर नाहीच. मीटर महावितरणचा असतो, त्यांना कळवावे. पाण्याखाली गेलेले एमसीबी आणि ईएलसीबी, म्हणजे बिघाड होताच वीज आपोआप तोडणारे स्विच, वाळवून पुन्हा वापरू नयेत. त्यांच्या आतील यंत्रणेत गाळ बसला की ऐन वेळी ते पडत नाहीत, आणि हे आपल्याला नेमके त्याच वेळी कळते. परवानाधारक वायरमनने मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासणी केल्याशिवाय वीज जोडू नये.

नुकसानभरपाईसाठी किंवा विम्यासाठी प्रत्येक वस्तूचा, पाण्याच्या खुणेचा आणि मागच्या क्रमांकाच्या स्टिकरचा फोटो धुण्याआधी काढून ठेवावा. मग गाळ ओला असतानाच नळाच्या स्वच्छ पाण्याने, जोर न लावता, सगळे धुवावे. गाळ एकदा वाळला की विटेसारखा होतो. भिजलेल्या वस्तूवर आणखी पाणी ओतायला लोकांचा हात धजत नाही. पण प्लग काढलेला असेल तर त्या पाण्याने होणारे नुकसान गाळाच्या मानाने काहीच नाही.

मिक्सर वाचण्याची शक्यता चांगली. मोटार उघडून धुवावी, कार्बन ब्रश बदलावेत, पूर्ण वाळवून मेगरने तपासावी. वॉशिंग मशीनचे कंट्रोल बोर्ड अनेकदा रेझिनमध्ये बुडवलेले असल्याने तेही पुष्कळदा तरते. मोटार आणि बेअरिंगकडे लक्ष द्यावे. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद डब्यात असतो, त्याला पाण्याचे फारसे भय नाही. त्याच्या बाजूचा, तो सुरू करणारा रिले बदलावा लागतो. परंतु गटाराचे पाणी फ्रिजच्या भिंतींच्या आतील पफमध्ये (गारवा टिकवणाऱ्या फोममध्ये) शिरले असेल तर दुरुस्त झालेल्या फ्रिजमध्येही अन्न ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टीव्ही बुडाला असेल तर त्यावर पैसे घालू नयेत. पॅनेलच्या कडेच्या सूक्ष्म जोडण्यांत गाळ शिरला की उभ्या-आडव्या रेषा आज ना उद्या येतातच. तो स्वतः उघडूही नये : २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. मायक्रोवेव्हचे तर झाकणही घरी काढू नये. त्याच्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि तो जीव घेतो. इन्व्हर्टरची बॅटरी वेगळी करून वितरकाकडे तपासायला द्यावी.

प्रश्न : कृष्णाकाठी विहिरीवरची मोटार आणि स्टार्टर महिनाभर पाण्याखाली होते. दुरुस्तीवाला मोटार भरूनच घ्या म्हणतो. खर्च टाळता येईल का? (मिरज तालुका)

पुष्कळदा टाळता येतो. वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) जळालेले नसेल, केवळ भिजलेले असेल, तर मोटार भरण्याची, म्हणजे नवे वाइंडिंग घालण्याची, घाई करू नये. जळाले असेल तर वास आणि काळा रंग लपत नाही.

मोटार पूर्ण उघडून रोटर (आतला फिरणारा भाग) बाहेर काढावा, बेअरिंग उतरवावेत, ते बदललेलेच बरे. वाइंडिंग गोड्या पाण्याने गाळ निघेपर्यंत धुवावे. मग लाकडी खोक्यात किंवा पत्र्याच्या पिंपात ठेवून आत शंभर वॉटचे दोन जुने पिवळे बल्ब लावावेत आणि वरून वाफ जायला फट ठेवावी. एलईडी बल्बची उष्णता या कामाला पुरत नाही. जुने बल्ब आता शोधावे लागतात खरे. बल्ब वाइंडिंगला टेकू देऊ नयेत आणि आतले तापमान साठ-सत्तर अंशांच्या वर जाऊ देऊ नये.

आता मुख्य गोष्ट. दर काही तासांनी ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडी यांमधला रोध मोजावा. मोटार तापू लागली की आकडा सुरुवातीला चढण्याऐवजी खाली येतो, कारण आतला ओलावा सुटून पसरत असतो आणि तापलेल्या इन्सुलेशनचा रोधही कमी भरतो. येथेच बरेच जण ‘मोटार गेली’ असे ठरवून ती भरायला टाकतात. धीर धरावा. मग तो हळूहळू वर चढतो आणि एका ठिकाणी स्थिरावतो. ४१५ व्होल्टच्या मोटारीला निदान एक मेगओहम तरी हवा. चांगली वाळलेली मोटार त्याच्या कितीतरी वर दाखवते. आकडा स्थिरावल्यावर वाइंडिंगला वार्निश द्यावे, ते वाळू द्यावे आणि मगच मोटार जोडावी. चार-पाच दिवस वाळवूनही आकडा एक मेगओहमच्या खालीच रेंगाळत असेल तर मात्र दुरुस्तीवाल्याचे म्हणणे बरोबर आहे.

स्टार्टर महिनाभर बुडाला असेल तर कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा भाग) आणि ओव्हरलोड रिले (प्रवाह वाढल्यास मोटार बंद करणारा भाग) नवे घ्यावेत. तेथे काटकसर केली तर वाचवलेली मोटार जळते.

प्रश्न : ‘आयपी ६८’ असलेला फोन गणपतीपुळ्याला समुद्रात पडला आणि बिघडला. मग वॉटरप्रूफ म्हणजे काय? (सांगली)

त्या आकड्यांतील सहा धुळीसाठी आणि आठ पाण्यासाठी. ही चाचणी प्रयोगशाळेत, नव्या फोनवर, स्थिर गोड्या पाण्यात होते. समुद्राचे पाणी खारे, त्यात लाटांचा मार, आणि तुमच्या फोनचे रबरी सील दोन-तीन वर्षे जुने. जिथे दुरुस्तीसाठी फोन एकदा उघडला गेला आहे तिथे तर ‘आयपी’चा भरवसा धरूच नये. पाण्याने झालेला बिघाड बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, आणि सिमच्या ट्रेच्या खाचेतील किंवा आतील पांढरी पट्टी लाल झालेली दिसली की तेथे वाद संपतो. फोन पाण्यातून काढल्याबरोबर गोड्या पाण्याने बाहेरून धुतला असता तर कदाचित वाचला असता.

प्रश्न : फोटो स्टुडिओत पाणी शिरले. ग्राहकांच्या लग्नाचे फोटो असलेली हार्ड डिस्क भिजली. ती कशी वाळवावी? (कोल्हापूर)

ती वाळवू नका. या सदरातील बाकीच्या सर्व सल्ल्यांना हा अपवाद आहे. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कला सहसा हवेसाठी बारीक छिद्र असते. त्यातून शिरलेले गढूळ पाणी आत वाळले की तबकडीवर डाग धरते, आणि डिस्क सुरू केली की तबकडीच्या अगदी निकट तरंगणारे हेड त्या डागावर आपटते. ती संगणकाला लावून ‘एकदा पाहू’ असे करू नये. आहे तशी ओलीच, हवा काढलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून, एक-दोन दिवसांत डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे पोहोचवावी आणि ती पुरात भिजली आहे हे पिशवीवर लिहावे. मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह मात्र डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, सिलिका जेलमध्ये दोन दिवस वाळवून लावून पाहण्यास हरकत नाही. त्यांत फिरणारे काही नसल्याने ते पुष्कळदा वाचतात.