काप मिटतो, बार अडकतो

प्रश्न : वादळात पडलेल्या झाडाचे ओंडके पाडतोय. वरून कापायला घेतलं की अर्ध्यावर काप मिटतो आणि चेनसॉचा बार आत अडकून बसतो. मशीन दमदार आहे, चेनही नवी आहे. मग चुकतं कुठे?
– एक वाचक

उत्तर : दमदार मशीनही अडकतंच, कारण त्याच्या बारवर, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीवर, अख्खा बुंधा बसतो. अर्ध्यावर काप मिटतोय म्हणजे तुमचा बुंधा दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असणार. प्लास्टिकची पट्टी दोन्ही टोकांना आधार देऊन मधे दाबा : वरची बाजू आक्रसते, खालची ताणली जाते. तुम्ही कापताय ती आक्रसलेली बाजू. जसजसं लाकूड कमी होतं, तसतसा बुंधा खाली झुकतो आणि कापाचे दोन्ही ओठ बारवर मिटतात.

अशा बुंध्याला वरून साधारण एक तृतीयांश जाडीपर्यंतच कापा, मग खालून वर येत दोन्ही काप मिळवा. खालून कापताना बारच्या वरच्या कडेची चेन चालते, आणि ती मशीन तुमच्याकडे ढकलते. पाय रोवून, दोन्ही हातांनी घट्ट धरून कापा. बारच्या टोकाचा वरचा कोपरा मात्र लाकडाला लागू देऊ नका. तिथे चेन अडली की बार क्षणात उसळून अंगावर येतो.

एकच टोक टेकलेलं, दुसरं हवेत असेल तर सगळं उलटं. तिथे वरची बाजू ताणलेली असते. आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. नुसतं वरूनच कापत राहिलात तर लटकलेलं टोक खाली येताना बुंधा चिरफाळतो. बार अडकण्यापेक्षा हे जास्त वाईट.

पूर्ण जमिनीवर टेकलेल्या बुंध्यात ताण फारसा नसतो. वरून दोन तृतीयांशापर्यंत जा, बुंधा पहारीने लोळवा आणि उरलेलं वरून संपवा. सगळं एका दमात कापायला गेलात तर चेन मातीत जाते आणि नव्या चेनची धार तिथेच संपते.

जाड बुंध्यात काप बारच्या पाठीमागे थोडा खोल गेला की त्यात पाचर ठोका. प्लास्टिकची किंवा लाकडाचीच. लोखंडी पाचरेला चेन लागली तर दात गेलेच म्हणून समजा. एरवी सवय एकच ठेवा : नजर कापाच्या तोंडावर. रुंदावत असेल तर बिनधास्त कापा. अरुंद होऊ लागला की चेन चालू असतानाच बार बाहेर काढा. बहुतेक लोक नेमके तेव्हाच ‘थोडंच राहिलंय’ म्हणत जोर लावतात.

वादळात पडलेल्या झाडाचा बुंधा आडवाही वाकलेला असतो, हे विसरू नका. तिथे आतल्या, आक्रसलेल्या बाजूला उभे राहा. सुटलेला बुंधा बाहेरच्या बाजूला फटका मारतो. उतारावर नेहमी वरच्या अंगाला.

आणि अडकलंच तर? इंजिन बंद करा, मशीन हिसडू नका. पहारीने बुंधा उचलून काप उघडतो का बघा, किंवा कापात वरून पाचर ठोका. नाहीच जमलं तर बारवरचे नट सोडून इंजिनाचा भाग बाजूला घ्या. बार आणि चेन लाकडातच राहू देत. जवळ दुसरा बार-चेन असेल तर तो बसवून, अडकलेल्या जागेपासून निदान हातभर अंतर सोडून बुंधा मोकळा करा, आणि या वेळी आधी ताण कुठल्या बाजूला आहे ते पाहा. सुटलेला बार पुन्हा चढवण्याआधी सपाट जागेवर ठेवून तो वाकलेला नाही ना, खात्री करा.