स्पॅनिश राजवटीविरुद्धची फिलिपिन्सची बंडं वाचायला घेताय? मग हे बघा

सगळ्या बंडांची यादी पाठ करायला जाऊ नका, दमाल. आधी दोनच धरा.

- बोहोल बेटावरचा दागोहोय. भावाचं ख्रिस्ती रीतीने दफन करायला पाद्र्याने नकार दिला, म्हणून १७४४ मध्ये हा गडी उठला. बंड चाललं १८२९ पर्यंत, म्हणजे ८५ वर्षं! वाचताना नकाशा उघडा ठेवा. बेटाचा आतला डोंगराळ भाग दिसला की बरंच उलगडतं.
- उत्तरेकडच्या इलोकोस भागातला दिएगो सिलांग. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतली, ती संधी याने साधली. त्याचा खून झाल्यावर बायको गाब्रिएला लढली. (मला ती जास्त आवडते.)

नवखे हमखास चुकतात ते इथे: सरसकट ‘स्वातंत्र्यलढा’ म्हणून मोकळे होतात. कर, वेठबिगार, उसाच्या दारूवरची मक्तेदारी अशी कारणं बहुधा त्या-त्या भागापुरतीच असायची. बंड मोडायला स्पॅनिश सरकार दुसऱ्या प्रांतातलेच शिपाई आणायचं.

राष्ट्रवादासाठी १८७२ पकडा. मनिलाजवळच्या काविते गावातल्या उठावानंतर, त्यात हात असल्याच्या आरोपावरून गोमेझ, बुर्गोस, सामोरा या तीन फिलिपिनो पाद्र्यांना जाहीरपणे गळा आवळून मारलं. राष्ट्रवादी लेखक होसे रिसालने आपली दुसरी कादंबरी त्यांनाच अर्पण केली. कातिपुनान या गुप्त क्रांतिकारी संघटनेतली भांडणं सध्या राहू द्या, ती नंतर.