पेशंट सरकवताना कंबरेत चमक भरते, उचलायची बरोबर पद्धत कोणती?

स्टाफ नर्स म्हणून लागून आठच महिने झाले म्हणता, आणि मेडिकल वॉर्डात पेशंट वर घेताना कंबर धरते. माझी चौदा वर्षं वॉर्डातच गेली, म्हणून स्पष्ट सांगते: उचलूच नका.

'गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा' हे पोत्याला ठीक आहे. पोतं घाबरून गळ्यात पडत नाही. माझं तसंच झालं. नाइट ड्यूटी, मावशी दुसऱ्या वॉर्डात गेलेल्या, आणि व्हीलचेअरवर घेताना आजोबांनी दोन्ही हात माझ्या मानेत अडकवले. त्यानंतर दीड महिना रजा.

अमेरिकेतल्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या एका संशोधकाने 2007 साली हिशेब मांडला होता: सगळं अनुकूल असलं तरी पेशंटचं 16 किलोहून जास्त वजन हाताने उचलू नये. माणसाचा एक पाय म्हणजे त्याच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा. शंभर किलोच्या पेशंटचा नुसता पाय ड्रेसिंगसाठी धरला की तुमची मर्यादा संपली!

म्हणून सरकवायचं. पलंगाची उंची बदलत असेल तर तो कंबरेपर्यंत घ्या, ब्रेक लावा. डोक्याकडची बाजू खाली करा (दम लागणारा पेशंट असेल तर डॉक्टरांना विचारून, ट्यूब फीड म्हणजे नळीतून अन्न चालू असेल तर ते थांबवून). ही बाजू वरच ठेवून आपण पेशंटला चढावर ओढत असतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. जमत असेल तर त्याला गुडघे वाकवून टाचा रोवायला सांगा. ड्रॉशीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर) दोघींनी दोन्हीकडून गुंडाळत अगदी त्याच्या अंगालगत धरा, 'एक, दोन, तीन' म्हणा, आणि मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर टाकत सरकवा. हातांनी ओढायचं नाही. खाली नायलॉनची स्लाइड शीट (सहज घसरणारी गुळगुळीत चादर) असेल तर काम निम्मं. ती इन्चार्ज सिस्टरांकडे लेखी मागा.

बगलेत हात घालून कुणालाच ओढू नका, लकव्याच्या पेशंटचा खांदा निखळतो. पेशंट पडायलाच लागला तर झेलू नका. डोकं सांभाळत आपल्या मांडीवरून अलगद जमिनीवर घसरू द्या.

कमरेचा पट्टा मीही वापरला. त्याने दुखापत टळत नाही, उगीच जास्त वजन उचलायचं धाडस येतं.

आणि कळ पायात उतरत असेल तर ऑर्थोपेडिकला दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा जातोय किंवा जांघेत बधिरपणा वाटतोय, तर त्याच दिवशी.