धुळ्याशिवाय अडलं पाहिजे

अगं, दोन शाळांनी मिळून करायच्या प्रोजेक्टचा तुझा लांबलचक मेसेज वाचला, मागून आलेली व्हॉइस नोटपण ऐकली. उत्साह दांडगा आहे, छानच. पण स्पष्ट सांगू का, तुझा प्लॅन मला एक प्रोजेक्ट वाटलाच नाही. सायन्सवाली पंचगंगेचं पाणी तपासणार, इतिहासवाला नदीची माहिती लिहिणार, गणितवाला ग्राफ काढणार, कॉम्प्युटरवाला अ‍ॅप बनवणार, आणि तिकडे धुळ्यात तुझ्या मावसबहिणीची शाळा पांझरा नदीवर हेच सगळं करणार, मग शेवटी दोन्ही पीपीटी जोडायच्या. हे आठ छोटे प्रोजेक्ट झाले गं, एका चार्टवर चिकटवलेले. उद्या धुळेवाल्यांनी अंग काढून घेतलं तरी तुमचं काही अडत नाही, आणि अडत नसेल तर मग त्यांना घेतलं कशाला?

म्हणून मी म्हणतो, असा प्रश्न घे जो एकट्या कोल्हापुरात बसून सुटूच शकत नाही.

एक सुचवतो, पटलं तर बघ. पृथ्वीचा घेर मोजा. हसू नकोस, इ.स.पू. २४० च्या सुमाराला इजिप्तमध्ये एराटोस्थेनीस नावाच्या ग्रीक विद्वानाने हेच केलं होतं. सायीनी म्हणजे आजचं अस्वान, तिथे उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य बरोब्बर डोक्यावर, आणि त्याच दुपारी उत्तरेला अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला. ७.२ म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन गावांमधलं अंतर गुणिले ५०, झाला पृथ्वीचा घेर. एका गावाच्या सावलीवरून हे उत्तर येतच नाही, दुसरं गाव लागतंच.

आणि कोल्हापूर-धुळे ही जोडी झकास आहे, हे तुला माहीत नसेल. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, धुळं २०.९ वर, आणि धुळं जवळजवळ सरळ वर आहे, पूर्वेला जेमतेम अर्धा अंश सरकलेलं. फरक ४.२ अंशांचा. सरळ उत्तर-दक्षिण अंतर ४६६ किमीच्या आसपास. ४६६ ला ३६० ने गुण, ४.२ ने भाग, ४० हजार किमीच्या अगदी जवळ येतं. हे मी अक्षांश वापरून केलं, तुम्हाला मात्र ते ४.२ सावलीतून काढायचेत, सगळी मजा आणि सगळा ताप तिथेच आहे.

दिवस कुठला, यावर आधी भांडा. सगळे शून्य सावलीच्या दिवसामागे लागतात, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही तो दिवस, पण तो आपल्याकडे मे महिन्यात येतो तेव्हा शाळेला सुट्टी, आणि दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टात येतो तेव्हा ढग. बरं, त्याची गरजही नाही, दोन्हीकडे एकाच दिवशी मध्यान्हीचा कोन घेतला की वजाबाकी तीच येते. कोणी २२-२३ सप्टेंबर म्हणेल, दिवस-रात्र समान वगैरे. नको. एक तर पाऊस पुरता गेलेला नसतो, आणि त्या दिवसांत सूर्य रोज जवळजवळ ०.४ अंशाने दक्षिणेला सरकत असतो, म्हणजे तुम्ही २२ ला रीडिंग घेतलं आणि धुळ्यात ढग आले म्हणून त्यांनी २३ ला घेतलं की खेळ खल्लास. २१-२२ डिसेंबर धरा. तेव्हा सूर्य दक्षिण टोकाला पोचून रेंगाळतो, एखादा दिवस मागेपुढे झाला तरी फरक पडत नाही, आकाश स्वच्छ असतं, आणि सावल्या लांब असतात. एक मीटर उंचीला कोल्हापुरात साधारण ८४ सेंमी, धुळ्यात ९८. स्नेहसंमेलनाची प्रॅक्टिस चालू असेल, सर वैतागतील, ते तू सांभाळ.

सावली लांब का हवी? सप्टेंबरात मीटरभर काठीची सावली मोजताना १ सेंमी चुकलं तर कोन अर्ध्या अंशाने चुकतो आणि घेर एकदम पाच हजार किमीने हलतो. डिसेंबरात तोच १ सेंमी अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच चुकवतो, घेर तीनेक हजाराने हलतो. हा हिशोब तुम्ही स्वतः करून बघा, नववीच्या भूमितीत त्रिकोणमिती आहेच, पण तिथे ३०, ४५, ६० वर काम भागतं, इथे सावली भागिले उंची करून फोनच्या कॅल्क्युलेटरवर त्याचा टॅन इन्व्हर्स काढावा लागेल, तोच कोन, कोनमापकाने कोन मोजू नका. तुमचा गणितवाला ग्राफ काढत बसण्यापेक्षा हे करेल तर त्याचा खरा उपयोग होईल, किती चुकलं तर किती बिघडतं हे मोजायच्या आधीच माहीत असणारा माणूस टीममध्ये असावा.

आता १ सेंमी चुकतो कसा? सूर्य हा ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे काठीच्या टोकाची सावली पुसट येते आणि टोक नेमकं कुठे यावर दोघांचं एकमत होत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. काठीच्या वर एक जाड कार्ड आडवं लावा, त्याला रिफिल जाईल एवढं भोक पाडा, जमिनीवर सूर्याचा लांबट गोल पडेल, त्याचा मध्य पेन्सिलने खूण करा. आणि त्याच भोकातून गवंड्याचा ओळंबा खाली सोडा, तो टेकेल तिथून मोजायला सुरुवात. मग काठी थोडी तिरकी असली तरी काही बिघडत नाही, उंची भोकापासून धरायची. फरशी मात्र लेव्हलमध्ये हवी, गवंडीकाकांनाच विचारा कुठली जागा सपाट आहे, ते तुमच्यापेक्षा लवकर सांगतील.

मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही हेही धुळेवाल्यांना सांगून ठेव. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली, आपण बरेच पश्चिमेला, म्हणून डिसेंबरात कोल्हापूरला साडेबाराच्या जरा पुढे, धुळ्याला दोनेक मिनिटं आधी. १२ ते १ दर पाच मिनिटांनी खूण करा, ओळंब्याच्या सगळ्यात जवळची खूण आपोआप कळते, तीच मध्यान्हीची. भूगोलवालीला हे काम दे, तिला रेखांश म्हणजे पाठ करायची गोष्ट वाटते ना.

आता सगळ्यात नाजूक भाग. उत्तर ४० हजार आहे हे सगळ्यांना आधीच माहीत आहे. त्यामुळे रीडिंग ४७ हजाराकडे चाललं की कोणीतरी हळूच सावली दीड सेंमी वाढवतं, वाईट हेतूने नाही, "आमचंच चुकलं असेल" असं वाटून. म्हणून दोन्ही शाळांनी आधी एका पानावर ठरवून लिहा: काय मोजायचं, कुठून कुठपर्यंत, किती वेळा, कोण लिहिणार. रीडिंग पेनने वहीत, खाडाखोड झाली तर आडवी रेघ मारून शेजारी नवीन, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवायचा. दोन्ही फोटो तयार झाल्याशिवाय आकडे एकमेकांना सांगायचे नाहीत. तुम्ही चार बहिणी-मैत्रिणी आहात म्हणून हे जास्तच सांगतोय, फोनवर "तुमचं किती आलं गं" होणारच. नोव्हेंबरात एक रंगीत तालीम करा, त्यात ज्या चुका सापडतील त्यावरून ते पान बदला, डिसेंबरच्या दिवशी नाही.

इतिहासवाल्याला काय काम? त्याला विचार, ते ४६६ किमी आले कुठून. नकाशावर पट्टी ठेवून? मग तो नकाशा कोणी केला? इथे तो थेट विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकापाशी पोचेल. या माणसाने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे १२ किमीची एक रेघ साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेला सरकत राहिला, कशासाठी, तर एक अंश म्हणजे जमिनीवर नेमकं किती अंतर हे काढायला. म्हणजे तुमचाच प्रश्न. १८२३ मध्ये काम चालू असतानाच तो आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला, कबर तिथेच आहे. तेव्हा नकाशातलं अंतर घेतलं तर पृथ्वीचा आकार आपण थोडा उसना घेतोय, हे रिपोर्टमध्ये सरळ लिहा. शिवाय एसटीच्या रस्त्याने अंतर धरून बघा, पुणे-नाशिकवरून सहाशेच्या घरात जातं, घेर ५१ हजारांच्या वर येतो. दोन्ही उत्तरं छापा. एराटोस्थेनीसचं उत्तर अडीच लाख स्टेडिया होतं, आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये पृथ्वीचा व्यास १०५० योजनं दिला, आणि एक स्टेडियन किती मीटर, एक योजन किती किमी यावर अजून एकमत नाही, त्यामुळे "अमक्याचं इतके टक्के बरोबर होतं" असं कुठे वाचलंत तर ते आपल्या चार्टवर उतरवू नका. तेही त्यालाच तपासू दे.

अ‍ॅप राहिलं. नको गं. एक साधी स्प्रेडशीट पुरे, ज्यात सावली बदलली की घेर बदलतो. कॉम्प्युटरवाल्याला राग आला तर दोन्हीकडच्या खुणांचे फोटो आणि वेळा एकत्र ठेवायचं काम दे, ते सगळ्यात किचकट आहे आणि कोणालाच नको असतं.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन डिसेंबरच्या आधी झालं तर होऊ दे. त्यासाठी तारीख अलीकडे ओढू नका, तिथे परीक्षक "याचा उपयोग काय" एवढंच विचारतात आणि लाइट लागणाऱ्या मॉडेलपाशी थांबतात.

या आठवड्यात एवढं कर: मावसबहिणीला सांग, त्यांच्या ग्राउंडवर डिसेंबरात साडेबाराला बिल्डिंगची सावली येते का ते बघून ठेव, उन्हाळ्यातली जागा हिवाळ्यात चालत नाही. आणि तिच्या सायन्सच्या सरांशी तू स्वतः बोल, तुमच्या मॅडमना मध्ये घालू नकोस. ओळंबा माझ्याकडे आहे, रविवारी येऊन घेऊन जा.

काका