दप्तरं पुरे, आता मानधनाचा भार उचला

प्रश्न : आम्ही ठाण्यातले मित्र मेळघाटातल्या एका छोट्या संस्थेला दरवर्षी दप्तरं देतो. आणखी काय करावं?

उत्तर : दादा, आधी संस्थेच्या ताईंनाच विचारा. मी 20 वर्षं अशीच संस्था चालवली. खोलीत दप्तरांचे गठ्ठे छताला टेकलेले, आणि पाड्यांवर फिरणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन 3 महिने थकलेलं. एसटीच्या तिकिटाला ती शेजारणीकडून उसने घ्यायची. फार जीव तुटायचा. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, म्हणून घरच्या घरी नवजात बाळं वाचली. तुम्ही एका कार्यकर्तीच्या मानधनाचा भार 3 वर्षं उचला, ठरल्या तारखेला. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत देणगीवर सवलत हवी असेल तर 2,000 रुपयांवरची देणगी रोख देऊ नका. आणि फोटोसाठी पोरांना उन्हात रांगेत उभं करायला लावू नका.